आजचं चिंतन: भरताचं हरीण आणि माझा बेडूक

आज भागवताचा पाचवा स्कंध, आठवा अध्याय. राजा भरत आणि हरणाचं पाडस. गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगते.

भरताने राज्य सोडलं आणि गंडकीच्या काठी पुलहाश्रमात जाऊन राहिला. एक दिवस स्नान करून नदीकाठी जप करत बसला होता. पाणी प्यायला एक गाभण हरिणी आली. तेवढ्यात सिंहाची गर्जना झाली. ती घाबरून उडी मारून नदीपार गेली, पण उडी मारतानाच पाडस पाण्यात पडलं, आणि पलीकडे जाऊन ती मेली. भरताने वाहून चाललेलं पाडस उचलून आश्रमात आणलं. इथपर्यंत त्याचं काय चुकलं? माझ्या मते काहीच नाही. पुढे मात्र एकेक नियम सुटत गेला. पूजा करता करता मधेच उठून पाडस कुठे आहे ते बघायचा. शेवटी त्याच्याच विचारात प्राण गेला आणि पुढचा जन्म हरणाचा मिळाला.

आसक्ती वाईट, एवढं सांगून प्रवचनं पुढे जातात. मीही तेवढंच ऐकत आले होते. मग मागच्या पावसाळ्यात मी एक बेडूक पाळला.

आमचं घर माणगावला. मुंबई-गोवा रस्त्याला गणपतीत जिथे तुम्ही तासन् तास अडकता, तेच माणगाव. रस्त्यावरून आत, काळ नदीच्या बाजूला आलं की अजून कौलारू घरं आहेत. आजीच्या न्हाणीघरात, घंगाळामागच्या भिंतीवर दर पावसाळ्यात झाडबेडूक येऊन बसतात. अंगाने सडसडीत, पिवळट तपकिरी रंगाचे, मोठे डोळे, आणि बोटांच्या टोकांना गोल गाद्या. त्या गाद्यांवर ते ओल्या फरशीवर काय, काचेवरही सरळ चढतात. लहानपणी मी त्यांना घाबरायचे. मागच्या ज्येष्ठात मात्र त्यातला एक इतका आवडला की डब्याला भोकं पाडून, आत ओला कपडा घालून त्याला ठाण्याला घेऊन आले. अकराव्या मजल्यावर.

मी हे निष्काळजीपणे केलं नाही, हेच तर वाईट. नीट वाचलं. झाडावरचा प्राणी, म्हणून आडव्यापेक्षा उंच काचपेटी घेतली. वरती जाळी, आत फांद्या आणि मनीप्लांट. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून शोषून घेतो. म्हणून नळाचं पाणी क्लोरीन काढून, मग पसरट भांड्यात. तीच कातडी आपल्या हातावरचा साबण, सॅनिटायझर, सनस्क्रीनही शोषते. म्हणजे प्रेमाने उचलून घेणं हे त्याच्यासाठी जवळजवळ विषप्रयोगच. उचलावंच लागलं तर हात नुसत्या पाण्याने खळखळून धुऊन, ओलेच ठेवून, आणि तेही क्षणभर. बेडूक पाळणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

सगळं पाळलं. आणि मग त्याच्याकडे बघत बसायला लागले.

दिवसभर तो पाय पोटाशी घेऊन, डोळे अर्धवट मिटून काचेला चिकटून असायचा. मी मैत्रिणीला फोटो पाठवला, "बघ, ध्यानाला बसलाय." किडा गिळताना तो दोन्ही डोळे घट्ट मिटायचा. मला वाटायचं, नैवेद्यासारखा मन लावून खातोय. मी ऑफिसमधून आले की हलायचा. मला वाटायचं, ओळखतो मला. घरून निघताना फोनचा कॅमेरा लावून जायचे आणि मीटिंगमध्ये त्याला बघायचे. संध्याकाळचा हरिपाठ आधी उशिरा व्हायला लागला, मग राहायलाच लागला.

खरं काय होतं ते हळूहळू कळलं. दिवसा अंग आवळून बसणं हे ओल वाचवण्यासाठी. जेवढं अंग उघडं, तेवढं पाणी उडून जाणार. गिळताना डोळे मिटतात, कारण ते आत खेचले जातात आणि घास घशाकडे ढकलतात. संध्याकाळी हलायचा, कारण तो निशाचर आहे. माझी यायची वेळ आणि त्याची उठायची वेळ एक होती, बास.

तेव्हा भरताच्या गोष्टीतला एक तपशील आठवला. पाडस दिसेनासं झालं की भरत त्याच्या एकेक आठवणी काढतो. त्यात एक अशी आहे की पाडस दर्भाला तोंड लावून तो विटाळायचं, मी रागावलो की ऋषिपुत्रासारखं निमूट बसायचं. ऋषिपुत्रासारखं! अहो, ते हरीण आहे. कोणी ओरडलं की हरीण जागच्या जागी थिजतं. भरताला मात्र त्यात एक आज्ञाधारक मुलगा दिसला. त्याने पाडसाला वाचवलं, चारा दिला, लांडग्यांपासून जपलं, पण पाडसाकडे बघितलं का? मला वाटतं तो स्वतःकडेच बघत होता. आसक्ती म्हणजे जास्त प्रेम असं मी समजत होते. इथे तर समोरचा जीव दिसतच नव्हता. भरताला नाही आणि मलाही नाही.

मग खाण्याचा प्रश्न आला. बेडकाला हललेलंच दिसतं, मेलेला किडा समोर असून नसल्यासारखा. सुरुवातीला बाल्कनीतल्या दिव्यावरचे पतंग पकडले. पुरेनात, म्हणून दुकानातून जिवंत रातकिड्यांचा डबा आणला. तो नेमका आषाढी एकादशीला उघडला. मी भगरसुद्धा खाल्ली नव्हती, आणि हातात चिमट्याने धरलेला रातकिडा पाय झाडत होता. जीवावर जीव जगतो, हे भागवतानेच पहिल्या स्कंधात सांगितलंय, मला मान्य आहे. न्हाणीघरात तो पतंग खायचा तेव्हा मला कधी काही वाटलं नव्हतं. पण तिथे पतंग आपणहून येत होता आणि चुकला तर उडूनही जात होता. इथे सुटायला जागा नव्हती, आणि ती बंद मी केली होती. कॅल्शियमची पूड लावून रातकिडा आत सोडला. त्याने खाल्ला. उपास त्या दिवशी मला काहीतरी विचित्रच वाटला.

त्याच रात्री जोराचा पाऊस आला आणि तो ओरडायला लागला. टक, टक-टक, लाकडावर कोणी बोट आपटतंय तसं. पहिल्यांदा मी हरखून गेले. रुळला, खूश आहे. मग आठवलं की असा ओरडतो तो नर, आणि ओरडतो ते मादीला बोलवायला. ऋग्वेदात सातव्या मंडलात एक मंडूकसूक्त आहे, १०३ वं, वसिष्ठांचं. वर्षभर व्रत धरून गप्प पडलेले बेडूक पाऊस येताच बोलायला लागतात, आणि एकाचं बोलणं दुसरा उचलतो, गुरूचं शिष्याने उचलावं तसं. माझ्या अकराव्या मजल्यावर उचलायला कोणीच नव्हतं. तो थांबायचा, जणू ऐकायचा (हे पुन्हा माझंच म्हणणं, माहीत आहे), आणि पुन्हा टक-टक. मी अडीचपर्यंत जागी होते.

पुढच्या शनिवारी दिवा-सावंतवाडीने त्याला माणगावला घेऊन गेले. हे सांगताना एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे उद्या कोणी आपला बेडूक तलावात नेऊन सोडणार नाही. पाळलेला बेडूक बाहेर सोडणं धोक्याचं असू शकतं. कातडीला लागणारी एक बुरशी बेडकांच्या व्यापारातून जगभर पसरली आणि तिने कितीतरी जाती संपवल्या. माझा तीन आठवडे एकटाच होता, दुसऱ्या कुठल्या बेडकाजवळ गेला नव्हता, आणि जिथून उचलला त्याच भिंतीवर जाणार होता. तरी मनात धाकधूक होतीच. ज्यांच्याकडे पेटीतच जन्मलेला परदेशी झाडबेडूक आहे, त्यांची गोष्ट वेगळी. तो ऑस्ट्रेलियाचा हिरवा बेडूक पंधरा वर्षंही जगतो. त्याला परत जायला जागाच नाही, भरताच्या पाडसालाही नव्हती. त्याला शेवटपर्यंत सांभाळायचं, एकादशीला रातकिडे घालून सांभाळायचं. तिथे 'मला वैराग्य आलं' म्हणून हात झटकणं मला पाप वाटतं.

आजीने डबा बघितला. "नेलास कशाला गं त्याला? इथे काय त्याचं अडलं होतं?" मी काही बोलले नाही. मग ती आंघोळीला निघाली आणि मी प्रथमच नीट पाहिलं. गरम पाण्याची बादली आत नेली की ती आधी तांब्या दोनदा फरशीवर आपटते आणि क्षणभर थांबते. भिंतीच्या तळाशी कोणी असेल तर तो वर सरकतो. मग पाणी ओतते. माझ्या जन्माआधीपासून ती हे करत असणार. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना माउली भुंग्याचा दाखला देतात, कमळावर पाय ठेवतानाही केसर चुरगळेल म्हणून जपणारा भुंगा. आजीने तो अध्याय कितीदा वाचलाय, पण तांब्याचा आणि त्याचा संबंध तिने कधी लावला असेल असं वाटत नाही. बेडकाचं नाव तिने ठेवलेलं नाही. त्याचा फोटोही तिच्याकडे नाही.

अंधार पडल्यावर डबा घंगाळामागे उघडला. तो लगेच बाहेर आला नाही. मी दिवा बंद करून पडवीत येऊन बसले. मागच्या हौदावर वाकलेल्या फांदीला पांढरा फेस लटकत होता, मुठीएवढा. मादी मागच्या पायांनी घुसळून असा फेस करते आणि त्यात अंडी घालते. काही दिवसांनी पिल्लं त्यातून टपटप खाली पाण्यात पडतात.

साडेनऊला पाऊस सुरू झाला. आधी एक आवाज, मग हौदाकडून दुसरा, मग शेजारच्यांच्या माडाकडून आणखी दोन-तीन. अर्ध्या तासात इतके झाले की माझा कुठला ते ओळखू येईना. मी बराच वेळ प्रयत्न केला. मग हरिपाठाला बसले.

उद्या नववा अध्याय, जडभरत.

राम कृष्ण हरी.