रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पोळी वाढलीस?

बस. आणि तो पेढ्यांचा डबा बाजूला ठेव, मला नको आहेत. “सर, पोरगी बरी झाली, रिपोर्ट नॉर्मल आला, महालक्ष्मीच्या जेवणात दोन पुरणपोळ्या खाल्ल्या तिनं,” हे तू मला हसत हसत सांगतोस? दहावीला तुला विज्ञान मीच शिकवलं. तेव्हाही तू निष्कर्ष आधी लिहायचास आणि निरीक्षणं मागून जुळवायचास. इतकी वर्षं झाली, खोड गेली नाही.

कशाचा आहे हा रिपोर्ट? टीटीजी अँटिबॉडीचा. गेल्या वर्षी हाच आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता आणि आता खाली आला. का आला? मधल्या काळात तिच्या पोटात गहू गेला नाही म्हणून. पथ्य लागू पडतंय, एवढंच हा कागद सांगतो. रोग गेला असं यात कुठं लिहिलंय, बोट ठेवून दाखव. नाही ना दाखवता येत? मग ज्या पथ्यानं आकडा खाली आला तेच मोडून तू गावभर पेढे वाटत फिरतोस, याला काय म्हणायचं?

पोरीची आधीची अवस्था तू विसरलास, मी विसरलो नाही. वर्गात सगळ्यांत बुटकी, पोट पुढं, हातपाय वाळलेले, प्रार्थनेला उभी राहिली की चक्कर. लोहाच्या गोळ्या झाल्या, जंताचं औषध झालं, तुझ्या आईनं नजरही उतरवून पाहिली. आपल्या भागात रक्त कमी दिसलं की आधी सिकलसेल बघतात, ते बघायलाच पाहिजे, पण तेही निघालं नाही. शेवटी नागपुरात रक्त तपासलं, दुर्बीण घालून लहान आतड्याचा तुकडा काढला आणि सीलिअ‍ॅक ठरलं. डॉक्टरांनी तुला बसवून सांगितलं होतं की गहू, जव, राय यांतल्या ग्लुटेनला तिचं शरीर शत्रू समजतं आणि त्या भांडणात स्वतःचंच आतडं जाळतं. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातले सूक्ष्म उंचवटे झडून सपाट होतात. मग कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही. यावर आजघडीला गोळी नाही, इंजेक्शन नाही. पथ्य हेच औषध आणि तेही जन्मभर. यातलं कोणतं वाक्य तुला कळलं नाही?

“थोड्यानं काय होतं” हे तुझ्या आईचं पालुपद. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना कोणी नीट समजावलंच नाही. ते काम तुझं होतं. चल, गणित कर. एका पोळीला साधारण तीस ग्रॅम कणीक लागते. कणकेत ग्लुटेन आठ-दहा टक्के धर, म्हणजे पोळीत अडीच ग्रॅमच्या आसपास. इटलीत अशा रुग्णांवर चाचणी झाली, २००७ साली ती छापून आली. रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते, असं त्यात दिसलं. आता अडीच ग्रॅमला ५० मिलिग्रॅमनं भाग. किती आले? पन्नास. पोळीचा पन्नासावा हिस्सा, बापू! आजीनं लाडानं तोंडात घातलेला घास त्याहून मोठा असतो. पोट दुखलं नाही म्हणून काही झालं नाही, असंही समजू नको. कित्येकांना वर काहीच दिसत नाही आणि आत नासधूस चालू असते. रक्त कमी, हाडं ठिसूळ, वयात येणं लांबतं, पुढं मूलबाळ होण्यात अडचण. यादी मोठी आहे, तुझ्या फाईलमध्येच लावलेली आहे. वाच.

ही गोष्ट जगाला कळली तीही उपाशी पोरांकडूनच. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. गव्हावर त्यांचा संशय युद्धाआधीपासूनच होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या त्या देशात दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. सगळी मुलं खंगत असताना या आजाराची मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा ढासळली. १९५० साली डिके यांनी यावर प्रबंध लिहिला. तिथं पाव परत आला तो मदत म्हणून, नाइलाजानं. तू तर घरात धान्याची पोती असताना, हौसेनं पोळी वाढलीस.

पोती कशाची, ते बोल ना. भाताची! वैनगंगेच्या काठी जन्मलास, धानाच्या बांध्या तुझ्या घराला लागून, आणि रडतोस काय, तर “सर, पोरीनं खायचं काय?” त्या महालक्ष्मीच्या पानात भात होता, ज्वारीची आंबील होती. पुरण तर हरभऱ्याच्या डाळीचं, कणकेत भरण्याआधी वाटीभर काढून तूप घालून दिलं असतं तर देवी रागावली असती का? तांदळाचे आयते, ज्वारीची भाकर, गोळाभात, पाटवडी, पोहे, मुरमुरे, आपल्या तलावांतला शिंगाडा. पंजाबातल्या आईला जे शोधावं लागतं ते तुझ्या चुलीवर रोज असतं. आणि तू नागपूरच्या मॉलमधून ग्लुटेन फ्री बिस्किटांचा पुडा आणतोस, दाम मोजून, शोभेला. त्या पुड्यावरच्या शब्दांना अर्थ आहे, किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत, असा सरकारी नियमच आहे. पण हा नियम पुड्याला लागू, तुझ्या स्वयंपाकघराला कोण लावणार?

परवा चक्कीवर मी तुझ्या मागेच उभा होतो. तुझ्या पुढच्या बाईचे गहू संपले, चक्कीवाल्यानं पट्टा चालूच ठेवला आणि त्यावरच तुझी ज्वारी ओतली. पहिलं दोन ओंजळी पीठ पिवळसर, गव्हाचंच पडलं. तू ते हातानं सारखं करून डब्यात दाबलंस आणि झाकण लावलंस. त्या पिठाची भाकर पोरीनं खाल्ली, तुझ्या हिशोबी पथ्य पाळून. पीठ घरी मिक्सरवर कर, नाहीतर तिच्यापुरती घरघंटी घे. मोबाईल नवा घेता आला, हेही येईल. तिचा तवा, पोळपाट, पिठाचा डबा वेगळा. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचा साबुदाणा वडा नको. आणि बांधणी हिंगाची डबी उलटी करून बघ, मागं मैदा किंवा गव्हाचं पीठ लिहिलेलं सापडेल.

आता जे मला खरं खुपतं ते ऐक. तू हे लपवतोस. नव्या शाळेत सांगितलं नाहीस, भावकीत सांगितलं नाहीस. का, तर उद्या लग्न जमणार नाही. नऊ वर्षांच्या पोरीचं लग्न! म्हणून मंडईत मामा जिलेबी घेऊन देतो, सत्यनारायणाला शेजारीण शिरा हातावर ठेवते, आणि पोर नाही म्हणायला घाबरते, कारण बापानं कोणाला काही सांगायचं नाही असं बजावलंय. लाज कशाची वाटते? चोरी केली का तिनं? “हा उत्तरेकडचा रोग, आपल्याकडं नसतोच” हेही कुठून उचललंस? उत्तरेत शंभरात एकाच्या आसपास आहे, दक्षिणेत बराच कमी, हे खरं. गहू जिथं जास्त खातात तिथं जास्त दिसतो. रेशनचा गहू आपल्या घरीही येतो, आणि आपल्याकडं तपासायचं लवकर सुचत नाही, हा वेगळाच घोळ.

उद्या मुख्याध्यापिकांना भेट. खिचडी शिजवणाऱ्या ताईंना हिंगाचं सांग, बिस्किटं वाटली तर हिला केळं द्यायला सांग. रविवारी आईला घेऊन माझ्याकडं ये, त्यांच्याशी मी बोलतो. पुरणपोळीची गोष्ट डॉक्टरांना लपवाछपवी न करता सांग आणि पुढची तपासणी कधी ते विचार. आणि धाकट्याचं रक्त अजून का तपासलं नाहीस? जवळच्या नात्यात हा आजार इतरांहून जास्त सापडतो. तुम्ही दोघं नवराबायकोही तपासून घ्या. तुझं स्वतःचं पोट शाळेपासून बिघडलेलं आहे, मला माहीत आहे. फक्त आता अक्कल पाजळून घरातल्या सगळ्यांचा गहू आधीच बंद करू नको. गहू सोडल्यावर रक्त तपासलं तर रोग असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, आणि मग तू पुन्हा पेढे घेऊन येशील.