चार बोटांचं अंतर
महाड तालुक्यात फौजी आंबवडे आहे, पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसं पाठवणारं गाव. आमच्या वीर गावातही भल्या पहाटे भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात, आणि त्यातल्या एखाद्याला चष्मा लागला की घरात सुतक पडल्यासारखं होतं. भरतीचे नियम कडक आहेत, ते कडकच असावेत. पण त्यावरून ‘चष्मेवाल्याचं बंदुकीशी काय काम’ असा जो निवाडा घरचे देऊन टाकतात, तो मला पटत नाही. २००८ साली बीजिंगला १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळवणारा अभिनव बिंद्रा चष्मेवालाच आहे.

मी कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल हातात आली. पुढे नोकरीत सगळं मागे पडलं. आता पन्नाशी उलटल्यावर परसात, मागे मातीचा बांध घालून, एअर रायफलने नेम धरतो. उघड्या साइटनं आता जमत नाही, कारण बॅकसाइट, फोरसाइटचं टोक आणि निशाण या तीन वस्तू तीन अंतरांवर असतात. डोळा एका वेळी एकच स्वच्छ दाखवतो. तरुणपणी डोळ्यातलं भिंग झटपट फुगतं-चपटं होतं, म्हणून तिन्ही जवळजवळ एकदम दिसल्याचा भास होतो. चाळिशीनंतर ते भिंग ताठरतं आणि फोरसाइट पुसट होते. बंदुकीवर बसवायची दुर्बीण, म्हणजे स्कोप, इथे खरा आधार आहे. त्यातली फुली आणि निशाण एकाच अंतरावर असल्यासारखी दिसतात, डोळ्याला पुढे-मागे करावं लागत नाही.

मग चष्मा ठेवायचा की काढायचा? स्कोपच्या डोळ्याकडच्या टोकाला फिरणारं कडं असतं. त्यानं साधा नंबर बराचसा भरून निघतो, म्हणून अनेक जण चष्मा खिशात घालतात. पण सिलिंडरचा नंबर त्या कड्यानं जात नाही. शिवाय उडालेल्या छऱ्यापासून डोळा वाचवणारी काच तेवढी एकच. मी चष्मा घालूनच नेम धरतो, आणि इतरांनाही तेच सांगतो. ते कडं जुळवताना स्कोप आभाळाकडे धरायचा, फुलीकडे क्षणभर पाहायचं, नजर काढायची, परत पाहायचं. टक लावून बसलं की डोळा स्वतःच सांभाळून घेतो आणि जुळणी फसवी होते.

अडचण खरी आहे ती अंतराची. रायफलच्या स्कोपपासून डोळा साधारण आठ-दहा सेंटिमीटर, म्हणजे चार-पाच बोटं लांब असला तरच पूर्ण गोल चित्र दिसतं. चष्म्याची काच डोळ्याच्या दीडएक सेंटिमीटर पुढे असते, तेवढी जागा ती खाते. मोठ्या रायफलचा धक्का बसला की स्कोपची कड काचेवर किंवा भुवईवर आदळते. आमच्या शेजारी निवृत्त सुभेदार राहतात. माझी मान पुढे गेलेली पाहून ते म्हणाले, “मास्तर, मान बंदुकीकडे नेऊ नका. बंदूक गालाला आणा.” मग त्यांनी मला डोळे मिटून दस्ता खांद्याला लावायला सांगितला आणि गाल टेकल्यावर डोळे उघडायला लावले. चित्राच्या एका कडेला काळी चंद्रकोर दिसत होती. त्यांनी स्कोप धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू सैल करून तो थोडा मागे सरकवला, दस्त्यावर गालाखाली रबराची पट्टी बांधली. चंद्रकोर गेली. शरीर आधी, काच नंतर, हा क्रम त्या दिवशी मला कळला.

प्रोग्रेसिव्ह चष्म्याचं दुखणं वेगळं. गाल दस्त्यावर झुकला की नजर काचेच्या मधून न जाता वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते. तिथे नंबर नीट लागत नाही. त्यापेक्षा फक्त लांबचा, मोठ्या काचेचा चष्मा बरा. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत स्कोप चालत नाही, तरी हा प्रश्न तिथेही आहेच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, त्यात गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून गोळ्या मारायच्या असतात. तिन्ही वेळा मानेचा कोन बदलतो. म्हणून चष्मा लागणारे नेमबाज गोल काच वर-खाली, आत-बाहेर सरकवता येईल अशी खास फ्रेम वापरतात. दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं, आणि तेही पन्नास मीटरवर. तिथे काचेचा कोपरा परवडत नाही.

आमच्याकडे जुलै-ऑगस्टात आणखी एक भर पडते, वाफेची. घरातून बाहेर आलं की काच धुरकटते, श्वास सोडला की पुन्हा. चष्मा आणि स्कोप दोन्ही पडवीत थोडा वेळ तसेच ठेवले, तर काच निवळते.

आणि पोरांनो, नवा चष्मा करायला जाल तेव्हा चष्म्याच्या दुकानदारासमोर ताठ बसून माप देऊ नका. नेम धरताना मान जशी झुकते तशी झुकवा, आणि काचेवर नजर जिथून जाते तिथे त्याला खूण करायला सांगा.