विकलेले यंत्र आणि उरलेली सत्ता

वस्तू विकून तिचे पूर्ण मोल घेतल्यानंतरही तिच्या वापरावर विक्रेत्याचा अधिकार उरतो काय, हा प्रश्न व्यापाराचा वाटला तरी तो मुळात स्वामित्वाच्या स्वरूपाचा आहे. चित्रपटाच्या बाल्यावस्थेत अमेरिकेत तो प्रक्षेपकाच्या, म्हणजे पडद्यावर हलती चित्रे पाडणाऱ्या यंत्राच्या, निमित्ताने उभा राहिला. एडिसन आदी निर्मात्यांची पेटंटे, म्हणजे शोधावरील मुदतबंद अनन्य हक्क, १९०८ मध्ये मोशन पिक्चर पेटंट्स कंपनीच्या हाती एकवटली. त्यांपैकी एक पेटंट फिल्म ताण न येता यंत्रातून सरकवण्याच्या युक्तीचे होते. परवान्याने बनवलेल्या यंत्रांवर पट्टी लावून अशी अट घालण्यात आली की, त्यांवर कंपनीच्या परवानाधारकांकडून भाड्याने घेतलेल्याच फिल्म चालवाव्यात. न्यूयॉर्कच्या एका चित्रपटगृहात अशा यंत्रावर युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीने पुरवलेल्या फिल्म दाखवल्या गेल्या, तेव्हा कंपनीने दावा लावला.

भारतीय धर्मशास्त्रात याच्याशी जवळीक असलेला एक जुना वाद आहे. स्वत्व, म्हणजे वस्तूचा यथेच्छ विनियोग करता येण्याची पात्रता, शास्त्रवचनातून उपजते की लोकव्यवहारातून, असा प्रश्न मिताक्षरा या टीकाग्रंथात विज्ञानेश्वराने चर्चिला आणि ते लौकिक ठरवले. कारण शास्त्राची ओळखही नसलेले लोक खरेदी-विक्री करतात आणि त्यांचे स्वत्व कोणी नाकारत नाही. हा भेद येथे नेमका लागू पडतो. यंत्र विकत घेणाऱ्याचे स्वत्व लौकिक आहे, तर पेटंट हे केवळ कायद्याचे अपत्य असल्याने कायद्याने दिले तेवढेच ते असू शकते. आणि यंत्रावरील पेटंटाने कंपनीला यंत्रातील युक्ती दिली होती, त्यावर चालणारी फिल्म नव्हे.

९ एप्रिल १९१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्लार्क यांनी बहुमताच्या वतीने निकाल दिला तो याच दिशेचा होता. न्यायमूर्ती होम्स यांचा मतभेद मात्र सहज झटकण्याजोगा नाही: ज्याला आपली वस्तू जगापासून पूर्णपणे रोखून धरता येते त्याला ती अटीवर का देता येऊ नये, मग ती वस्तू पेटंट घेतलेली चहाची किटली असो वा फिल्म सरकवणारे साधन? मोठ्या अधिकारात लहान अधिकार सामावतो, या गृहीतकावर हा युक्तिवाद उभा आहे, आणि तेथेच तो डळमळतो. कारण वस्तू रोखून धरणारा इतरांना होते तेथेच ठेवतो, परंतु अटीवर विकणारा त्या वस्तूच्या आधारे ज्यावर त्याचा कधीच हक्क नव्हता अशा बाजारावर सत्ता मिळवतो. असा अधिकार लहान नसून वेगळ्याच जातीचा असतो. शिवाय कंपनीचे फिल्मवरील वेगळे पेटंट १९१४ मध्येच संपले होते, म्हणजे यंत्रावरील पट्टी सर्वांना खुली झालेली वस्तू पुन्हा बांधू पाहत होती.

या निकालाच्या पाच वर्षे आधी, १९१२ मध्ये, याच न्यायालयाने चक्रमुद्रण यंत्राबाबत अशीच अट वैध ठरवली होती. १९१७ च्या निकालाने तो पूर्वनिर्णय रद्द केला.