थंडावा कोणाचा आणि ताप कोणाला?

कायद्याचा जन्म बहुधा शेजाऱ्याच्या तक्रारींतून होतो. एकाच्या चुलीचा धूर दुसऱ्याच्या डोळ्यांत जाऊं लागला, एकाच्या कारखान्याचें सांडपाणी दुसऱ्याच्या विहिरींत उतरूं लागलें, कीं ‘माझ्या जागेंत मी वाटेल तें करीन’ हें उत्तर अपुरें पडतें आणि सरकारास मध्यें पडावें लागतें. धूर डोळ्यांस झोंबतो, सांडपाण्याची घाण येते. म्हणून त्यांच्याविषयींचे कायदे कोणासहि चमत्कारिक वाटत नाहींत. परंतु यंत्रें थंड ठेवण्यासाठीं किती वीज खर्च व्हावी याविषयीं एखाद्या देशाच्या संसदेनें कायदा करावा, हें ऐकून पुष्कळांस प्रथम हसूंच येईल. जर्मनीनें २०२३ सालीं असा कायदा केला, आणि त्याच वर्षीं युरोपीय संघानेंहि आपला ऊर्जाविषयक निर्देश नव्यानें लिहून त्यांत या विषयास जागा दिली. या कायद्यांतील कलमें तांत्रिक आहेत. परंतु त्यांच्यामागें उभा असलेला प्रश्न नीतीचा आहे. तो असा कीं, एकाला थंडावा मिळावा म्हणून दुसऱ्यानें ताप किती सोसावा, आणि हें कोणीं ठरवावें?

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. आपण छायाचित्र साठवितों, बँकेचा व्यवहार करतों, किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रास एखादा प्रश्न विचारतों, तेव्हां तें सारें काम आपल्या हातांतील उपकरणांत होत नाहीं. तें ‘डेटा सेंटर’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या इमारतींत होतें. तेथें हजारों सर्व्हर मांडणींत ओळीनें रचलेले असून ते रात्रंदिवस चालू असतात. त्यांना दिलेल्या विजेनें कोणतेंहि ओझें उचललें जात नाहीं. त्यामुळें सृष्टिनियमाप्रमाणें ती जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेच्याच रूपानें प्रकट होते. ही उष्णता वेळींच बाहेर काढली नाहीं तर यंत्रें बंद पडतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२४ सालीं जगांतील डेटा सेंटरांनीं सुमारें ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगांत वापरल्या जाणाऱ्या विजेचा हा सुमारें दीड टक्का होय. २०३० पर्यंत हा आंकडा ९४५ अब्जांच्या घरांत जाईल, असें तिचें अनुमान आहे. दीड टक्का ऐकावयास थोडा वाटतो. पण तो सर्वत्र सारखा पसरलेला नाहीं. आयर्लंडांत २०२३ सालीं मीटरवर मोजलेल्या विजेपैकीं २१ टक्के वीज डेटा सेंटरांनीं घेतली, आणि शहरांतील सर्व घरांनीं मिळून १८ टक्के.

आतां ही उष्णता घालवावयाची म्हणजे काय करावयाचें? येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरली पाहिजे. उष्णता नाहींशी करतां येत नाहीं. ती केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं हलवितां येते. हलविण्याचे मार्ग मुख्यतः तीन. वातानुकूलनाच्या यंत्रांनीं हवा गार करून ती सर्व्हरांमधून खेळवावी. यांत वीज पुष्कळ लागते. किंवा आपला मातीचा माठ ज्या न्यायानें पाणी गार करतो, त्याच न्यायानें मोठ्या मनोऱ्यांत पाण्याची वाफ होऊं द्यावी. यांत वीज थोडी लागते, पण पाणी जातें. तिसरा मार्ग अलीकडे वाढत चालला आहे. त्यांत द्रव पदार्थ थेट तापणाऱ्या भागाच्या पाठीशीं फिरवितात, किंवा सगळें यंत्रच विजेस अटकाव करणाऱ्या द्रवांत बुडवून ठेवतात. पाण्याचा हिशेब कोणासहि करून पाहतां येईल. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें दोनतृतीयांश युनिट उष्णता तिच्याबरोबर जाते. म्हणून एक मेगावॅट उष्णता केवळ बाष्पीभवनानें बाहेर टाकावयाची तर तासाला सुमारें १,५०० लिटर, म्हणजे दिवसाला सुमारें ३६,००० लिटर पाणी हवेंत सोडावें लागतें. तेंच पाणी वांचवूं म्हटलें तर वीज अधिक लागते. आणि ती वीज कोळशाची असेल, तर त्या केंद्राजवळच्या माणसांना तिचा धूर व राख सोसावी लागते. तात्पर्य, थंडाव्याचें मोल कोणी तरी देतोच. पद्धति बदलल्यानें पुष्कळदां एवढेंच बदलतें कीं, तें कोणीं द्यावयाचें आणि कोणत्या नाण्यांत.

ही गोष्ट ध्यानांत आली म्हणजे कायद्याचें प्रयोजन कळूं लागतें. युरोपीय संघाच्या निर्देशाप्रमाणें ५०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक शक्तीच्या डेटा सेंटरांनीं आपला वीज, पाणी, तपमान व टाकाऊ उष्णता यांचा हिशेब दरसाल द्यावयाचा आहे. जर्मनीचा कायदा याहून पुढें गेला. तेथें एका गुणोत्तरास कायद्याचें रूप मिळालें. इमारतीला लागलेल्या एकूण विजेस प्रत्यक्ष गणनयंत्रांना लागलेल्या विजेनें भागिलें कीं हें गुणोत्तर निघतें. तें जितकें एकाच्या जवळ, तितकी थंडाव्यासाठीं होणारी उधळपट्टी कमी. २०२३ च्या मूळ कायद्यांत ३०० किलोवॅटपासून पुढच्या जुन्या केंद्रांना २०२७ च्या जुलैपासून १.५ व २०३० च्या जुलैपासून १.३ ही मर्यादा घातली. २०२६ च्या जुलैनंतर सुरू होणाऱ्या केंद्रांना १.२ ची मर्यादा घातली, आणि त्यांच्या ऊर्जेचा कांहीं भाग, प्रथम १० टक्के व पुढें २० टक्क्यांपर्यंत, पुन्हा उपयोगांत आणण्याची अट, कांहीं अपवाद ठेवून, जोडली.

यावर पहिला आक्षेप स्वातंत्र्यवाद्यांचा येईल. ‘विजेचे पैसे आम्ही मोजतों, मग ती यंत्रांत घालावी कीं पंख्यांत, हें सांगणारें सरकार कोण?’ ज्या मिल्लच्या ‘ऑन लिबर्टी’ या १८५९ सालच्या ग्रंथावर आमच्या पिढ्या पोसल्या, त्याच मिल्लचें तत्त्व येथें उत्तरास पुरेसें आहे: दुसऱ्यास अपाय होतो तेथें व्यक्तीच्या स्वातंत्र्याची सीमा येते. विजेच्या बिलांत विजेची किंमत असते. आटलेल्या विहिरीची किंवा राखेनें भरलेल्या शेताची किंमत त्यांत क्वचितच पुरी उतरते. जी किंमत बिलांत नाहीं, ती दुसरा कोणी तरी भरतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणाऱ्यास दानशूर म्हणत नाहींत. तसेंच दुसऱ्याच्या पाण्यावर आपली यंत्रें थंड ठेवणाऱ्याच्या स्वातंत्र्यास निर्मळ स्वातंत्र्य म्हणतां येणार नाहीं.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. शास्त्र वर्षागणिक बदलतें, कायदा बदलावयास दशक लागतें. तेव्हां अमुकच तंत्र वापरा असें कायद्यानें सांगितल्यास आजचें उत्तम साधन उद्यांची बेडी होईल. हें खरें आहे. म्हणूनच जर्मन कायद्यांतील एक गोष्ट आम्हांस शहाणपणाची वाटते. त्यानें साधन न सांगतां फळ सांगितलें; हवेनें थंड करा, द्रवानें करा, पण हिशेब या मर्यादेंत बसवा. सिंगापुरानें निराळी वाट धरली. २०१९ पासून नव्या केंद्रांस परवानगी देणें कांहीं काळ थांबविलें, आणि २०२३ सालीं उष्ण प्रदेशासाठीं एक मानक प्रसिद्ध करून २६ अंश किंवा त्याहून अधिक तपमानांतहि यंत्रें सुखानें चालवितां येतात, असा मार्ग दाखविला. यंत्रांना हिमालयाची थंडी लागते ही समजूत पुष्कळ अंशीं संवयीची होती.

परंतु आमच्या मतें या कायद्यांचा खरा दुबळेपणा निराळ्याच ठिकाणीं आहे. गुणोत्तर हें प्रमाण सांगतें, परिमाण सांगत नाहीं. एका केंद्राच्या गणनयंत्रांस १० मेगावॅट लागतात व गुणोत्तर १.५ आहे, असें धरूं. तेथें थंडाव्यादि कामांत ५ मेगावॅट जातात. दुसऱ्याच्या यंत्रांस १०० मेगावॅट लागतात व गुणोत्तर १.२ आहे, तेथें त्याच कामांत २० मेगावॅट जातात, आणि एकूण खर्च १५ च्या जागीं १२० होतो. कायद्याच्या दृष्टीनें पहिला अपराधी आणि दुसरा सज्जन! इतकेंच नव्हे, तर कोणीं निरुपयोगी यंत्रें बंद केलीं, तर भाजक लहान होऊन त्याचें गुणोत्तर उलट बिघडूं शकतें. काटकसर करणाऱ्यास दोष लागावा आणि पसारा वाढविणाऱ्यास प्रशस्तिपत्र मिळावें, अशी ही मोजणी आहे. जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालीं इंग्लंडांतील कोळशाविषयीं लिहितांना दाखविलें होतें कीं, वाफेचीं यंत्रें जसजशीं काटकसरी झालीं तसतसा कोळशाचा एकूण खप वाढतच गेला. थंडावा स्वस्त झाला कीं यंत्रांची संख्या वाढण्याचा मार्ग मोकळा होतो, हें त्याच अनुभवाचें नवें रूप होय.

मग कायद्यानें ‘कसें’ यावर न थांबतां ‘कशासाठीं’ हेंहि विचारावें काय? रुग्णालयाची नोंद ठेवणारें यंत्र आणि क्षणभराच्या करमणुकीसाठीं चित्रें निर्माण करणारें यंत्र, दोघांनींहि सारखेंच पाणी प्यावें काय? हा मोह मोठा आहे. पण आम्ही तो आवरावा असें म्हणतों. कोणाचा हेतु योग्य व कोणाचा क्षुद्र हें सरकार ठरवूं लागलें, तर आज करमणूक क्षुद्र ठरेल आणि उद्यां अप्रिय मतहि क्षुद्र ठरेल. मात्र हेतूचा न्याय न करतांहि सरकारास एक गोष्ट करतां येते. अमुक धरणांतून, अमुक विद्युज्जालांतून एकूण किती घेतां येईल याची सीमा घालणें हें हेतूवर बंधन घालणें नव्हे. तें समाईक ठेव्याचें रक्षण होय. गुणोत्तराला अशा सीमेची जोड मिळाल्याशिवाय तें अर्धेंच राहील.

आपल्याकडे या प्रश्नाचें स्वरूप अधिक तीव्र आहे. डेन्मार्कांतील ओडेन्स येथें किंवा फिनलंडांतील मँट्सॅला येथें डेटा सेंटरची उष्णता नळांवाटे नेऊन घरें उबदार करतात. तेथें एकाचा टाकाऊ ताप दुसऱ्याची गरज भागवितो. ठाणे-बेलापूर पट्ट्यांत ऐरोली, रबाळे, महापे येथें अशीं केंद्रें उभीं राहिलीं आहेत. पण वैशाखांत त्यांच्या उष्णतेचें दान कोण घेईल? किनाऱ्याची हवा दमट असल्यानें वाफेवाटे मिळणारा गारवाहि पावसाळ्याच्या आसपास मंदावतो. नवी मुंबई मोरबे धरणाचें पाणी पिते, आणि राज्याच्या विद्युज्जालांत चंद्रपूरसारख्या कोळशाच्या केंद्रांची वीज येते. उन्हाळ्यांत होरपळणाऱ्या चंद्रपूरकराचा त्या दूरच्या थंड दालनाशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. पण संबंध आहे, आणि तो तारेनें जोडलेला आहे. जर्मन कायद्याची नक्कल म्हणूनच आपल्या उपयोगाची नाहीं. आपल्याजवळ २००१ चा ऊर्जा संवर्धन अधिनियम व त्याची २०२२ ची दुरुस्ती आहे, २०१९ चा शीतलीकरणाचा राष्ट्रीय आराखडा आहे. त्यांच्या आधारें नियम करतांना विजेबरोबर पाण्याचाहि हिशेब मागावा, तो लोकांस वाचावयास मिळावा, आणि मर्यादा त्या त्या स्थळाच्या पाण्यावरून व हवेवरून ठरवावी, एवढें तरी अवश्य झालें पाहिजे.

उरला प्रश्न ‘कशासाठीं’ याचा. तो सरकारच्या हातून आम्हीं काढून घेतला, म्हणजे तो संपला असें नव्हे. तो वापरणाऱ्यांच्या दारीं आला. अपरिग्रह हा शब्द आपल्या परंपरेनें धनधान्यापुरता वापरला. कारण जें साठवावयाचें तें डोळ्यांस दिसे व जागा अडवी. आज आपला संग्रह दिसत नाहीं, म्हणून तो फुकटचा आहे असें वाटतें. एका माणसाच्या वांट्याला येणारा ताप फार थोडा, हें आम्ही मान्य करतों; पण ज्याचें जळतें त्यालाच कळतें, आणि येथें जळणारा आपल्या दृष्टीआड आहे. तो दृष्टीस पडावा इतका उजेड कायदा पाडूं शकतो. त्या उजेडांत आपली गरज कोणती व हाव कोणती, हें मात्र ज्यानें त्यानें निवडावयाचें आहे.