मताची पोच

गावाहून कुणी पुण्याला निघालं, की एसटी हलण्याआधी घरची माणसं एकच सांगतात, "पोचलास की फोन कर." आता तर दोनशे रुपये पाठवले तरी दुकानातला डबा ते मिळाल्याचं ओरडून सांगतो. मागवलेली चप्पल कुठल्या गोदामात आहे, तेही मोबाइलवर दिसतं. मग टपालानं पाठवलेल्या मताची पोच देण्याची जबाबदारी कुणाची?

आधी या मताचा प्रवास बघू. सैन्यदलं, केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं, राज्याबाहेर तैनात असलेले सशस्त्र पोलीस आणि परदेशातल्या वकिलातींत नेमलेले सरकारी कर्मचारी हे 'सर्व्हिस व्होटर' असतात. २०१६पासून त्यांना मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पाठवायला सुरुवात झाली. ओटीपी आणि पिन टाकून ती डाउनलोड करायची, छापायची, मत नोंदवायचं, घोषणापत्रावर सही करून ती साक्षांकित करून घ्यायची आणि लिफाफा टपालात टाकायचा. जाताना काही सेकंद, परत येताना काही दिवस. मतमोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेआधी तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचला नाही, तर मत मोजलं जात नाही. बर्फानं रस्ता बंद असो, विमान रद्द होवो किंवा थैली कुठेतरी पडून राहो, नियमाला कारणाशी देणंघेणं नाही.

आता धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या जवानाचं २०२४ साल डोळ्यांसमोर आणा. लोकसभेला इथे (मतदारसंघाचं नाव अजून उस्मानाबादच) अर्ज मागे घेण्याची मुदत २२ एप्रिलला संपली आणि मतमोजणी झाली ४ जूनला. उमेदवारांची यादी पक्की झाल्यापासून ४३ दिवस मिळाले, कारण देशभरातले सात टप्पे संपेपर्यंत मोजणी थांबली होती. विधानसभेला माघारीची मुदत ४ नोव्हेंबर आणि मोजणी २३ नोव्हेंबर, म्हणजे १९ दिवस. जवान तोच, चौकी तीच, टपालाचा रस्ताही तोच. मत पोचवायला मिळालेला वेळ मात्र निम्म्याहून कमी. या कमी वेळेत टपाल अडलं तर दोष कुणाचा?

'मुदत वाढवा' हे सोपं उत्तर आहे, पण मला ते पटत नाही. निकाल कळल्यावर येणारा लिफाफा वेगळ्याच मोहाला बळी पडू शकतो. मुदत हे सगळ्या उमेदवारांना दिलेलं वचन असतं. ते नंतर मोडलं तर एका मतदाराला न्याय देताना बाकीच्यांचा विश्वास जातो. म्हणून प्रश्न मुदतीच्या आधीचा आहे. उशिराचा धोका कुणाच्या अंगावर टाकायचा? माझ्या मते, जो तो टाळू शकतो त्याच्या. जवान रस्त्यावरचा बर्फ हटवू शकत नाही आणि वेळापत्रकही ठरवू शकत नाही. वेळापत्रक ठरवणारे त्यात टपालाचे दिवस मोजू शकतात.

यावर व्यवहारी आक्षेप येतो: एवढ्यानं निकाल बदलतो का? उस्मानाबादेत २०२४ला विजयाचं अंतर होतं ३,२९,८४६ मतांचं. दहा-वीस लिफाफे उशिरा आले असते तरी काय बिघडलं असतं? त्याच दिवशी मुंबई उत्तर-पश्चिममध्ये मात्र ईव्हीएमच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मतानं पुढे होते आणि टपाली मतं धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी ठरले. तिथे बाद ठरवलेल्या टपाली मतपत्रिका पुन्हा तपासल्या गेल्या, कारण विजयाचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ही फेरतपासणी सक्तीची असते. त्या निकालावरची याचिका मुंबई उच्च न्यायालयानं पुढे फेटाळली. तो वाद इथे नको.

मला खटकतं ते वेगळंच. अंतर ४८ असलं की प्रत्येक लिफाफा मोलाचा, आणि सव्वातीन लाख असलं की त्याच लिफाफ्याची चौकशी कुणाला नको. निकालाच्या दृष्टीनं हे बरोबर आहे, पण मत हे फक्त निकाल लावायचं साधन नाही. गावच्या केंद्रावर रांगेत उभी राहणारी आजी आपल्या एका मतानं सरकार पडेल असं समजत नसते. आपल्यालाही विचारलं गेलं, आपण सांगितलं आणि ते मोजलं गेलं, एवढं तिला पुरतं. लांबच्या जवानाला यातलं शेवटचं ठामपणे म्हणता येत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे निरोप पाठवून उत्तर आलं नाही, तर तो पुन्हा पाठवतात. मताला ती सोय नाही. एकाच मतदाराचे दोन लिफाफे क्यूआर कोडच्या स्कॅनमध्ये पकडले जातात आणि ते योग्यच आहे. पण पुन्हा पाठवता येत नसेल, तर पोच आणखी गरजेची ठरते. हे स्कॅनिंग मोजणीच्या दिवशी होतं, तेव्हा हातात काहीच उरलेलं नसतं.

२०१९च्या लोकसभेला सुमारे १८ लाख सर्व्हिस व्होटर नोंदलेले होते आणि जवळपास १०.८४ लाख मतपत्रिका परत आल्या, म्हणजे ६० टक्के. उरलेल्या ४० टक्क्यांत मत द्यायचंच नव्हतं असे किती आणि ज्यांचं मत वाटेत राहिलं असे किती, हे या आकड्यातून कळत नाही. पहिलं स्वातंत्र्य आहे, दुसरा अन्याय. दोन्ही एकाच रिकाम्या रकान्यात बसतात. लिफाफा पोचल्या दिवशी नोंदवून मतदाराला एक मेसेज गेला, तर ते वेगळे होतील. मत कुणाला दिलं हे आतल्या बंद लिफाफ्यातच राहील, गुप्ततेला धक्का लागणार नाही.

हा प्रश्न सैनिकांपुरता राहणार नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये जर्मनीत मुदतपूर्व निवडणूक झाली, तेव्हा परदेशातल्या अनेक जर्मन मतदारांनी मतपत्रिका वेळेत न आल्याची तक्रार केली. एक पक्ष पाच टक्क्यांच्या अटीला जेमतेम साडेनऊ हजार मतांनी मुकला. आपल्याकडे परदेशस्थ नागरिकाला यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला गावी यावं लागतं. कर्नाटकात ऊसतोडीला गेलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या जोडप्यालाही परत यावंच लागतं. २०२० साली निवडणूक आयोगानं परदेशस्थांनाही इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिका देण्याची तयारी कळवली होती. ती सोय उद्या आली तर स्वागतच आहे. पण न्यू जर्सीच्या इंजिनिअरला असो की सियाचीनच्या जवानाला, मत मागताना सरकारनं आधी एवढं कबूल करावं: तुमचा लिफाफा आला की आम्ही कळवू, आणि आला नाही तर का आला नाही हे शोधू, मग अंतर ४८चं असो की सव्वातीन लाखांचं.