भाड्याचे घर, धूर आणि करार

घर भाड्याने देणे हा केवळ पैशाचा व्यवहार नव्हे, तो करार आहे. आणि सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत अल्लाहने करार पाळण्याची आज्ञा दिली आहे. म्हणून धूम्रपानास मनाई असेल, तर मालकाने किल्ली देण्यापूर्वीच ते सांगावे. मनाई केवळ घरात, की जिन्यात व गच्चीवरही, हे करारपत्रात लिहावे. मागाहून नवा नियम काढून भाडेकरूस घराबाहेर काढणे हा अन्याय होय.

भाडेकरू म्हणेल, "भाडे मी देतो; माझ्या खोलीत मी काहीही करीन." प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दुमजली जहाजाचा दाखला दिला आहे. खालचे प्रवासी आपल्याच भागात छिद्र पाडू लागले आणि वरच्यांनी त्यांना रोखले नाही, तर सारेच बुडतील. धूरही खोलीची हद्द पाळत नाही; शेजारच्या तान्ह्या बाळाच्या छातीत तो शिरतो.

परंतु जो मालक स्वतः जिन्यात विडी ओढतो, त्याने कोणत्या तोंडाने अट घालावी? नियम प्रथम स्वतःस लागू करावा. अल्लाह आम्हांस तशी सद्बुद्धी देवो. आमीन.