श्रुतींची नावे आणि श्रोत्याचे दायित्व

नाव मिळाल्याने ध्वनी अधिक नेमका ऐकू येतो काय? देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त २२ श्रुतींना तीव्रा, दयावती, रंजनी, क्रोधा अशी नावे आहेत. ती अंतर मोजीत नाहीत, गुण सुचवितात. शार्ङ्गदेवाच्या गणनेत षड्ज चौथ्या, म्हणजे छंदोवती श्रुतीवर येतो. भातखंडे यांच्या मांडणीत तो पहिल्या, तीव्रा श्रुतीवर आहे. नावांची मालिका कायम राहिली, तिचा ध्वनींशी असलेला संबंध मात्र सरकला. १९१० मध्ये कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींची गुणोत्तरे मांडली आणि प्रत्येक नावामागे एक संख्या उभी केली.

हे सारे प्रयत्न ग्रंथाश्रयी होत. ग्रंथाबाहेर, धाराशिव जिल्ह्यातील तुळजापुरी, गोंधळी तुणतुण्याची तार खुंटी पिळून कानानेच लावतो. तिच्या स्वराला श्रुतिनाम लागत नाही. कोष्टकात बसत नाही म्हणून असा स्वर बेसूर ठरविणे हा शास्त्राच्या वेषातील अन्याय होय. नावामुळे ध्वनी स्मरणात राहतो आणि शिष्याच्या हाती सोपविता येतो. तेवढाच नावाचा अधिकार. म्हणूनच ज्याच्याकडे नामकरणाची सत्ता असते, अनाम स्वर ऐकण्याचे दायित्व प्रथम त्याच्यावर येते.